रविवारचा ओके

माझा नवरा वारला, आणि तो ठणठणीत आहे असं मी एका भल्या माणसाला पोळ्यापासून मार्गशीर्षापर्यंत सांगत राहिले. दर रविवारी, फोनवर, हसून. असा गाढवपणा वयात आलेली पोरगीसुद्धा करत नाही. मी केला तेव्हा जेमतेम पासष्टीची होते. आता सत्तरी ओलांडल्यावर त्या बाईकडे मागं वळून बघते तर वाटतं, काय अल्लड होती, कोणीतरी दोन थोबाडीत द्यायला पाहिजे होत्या.

आमचे हे फौजेत होते, छत्रीनं विमानातून उड्या मारणाऱ्या पलटणीत. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा मी विचारलं होतं, "काऊन, उतराले सरकार शिडी नाही देत काय?" या माणसानं ती गोष्ट जाऊन सगळ्या पलटणीत सांगितली. तेव्हापासून मी त्यांच्या दोस्तांमध्ये शिडीवाली वहिनी झाले ती कायमची.

एकाहत्तरच्या लढाईत ते पूर्वेकडं धानाच्या शेतात उतरले होते. लढाईबद्दल ते फारसं बोलत नसत. बोलत ते उडीच्या आधीच्या दोन-चार मिनिटांबद्दल. विमानात सगळे एकामागे एक उभे राहायचे. छत्री पाठीवर, आणि स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही. म्हणून मागच्यानं पुढच्याची छत्री तपासायची, पट्टे ओढून बघायचे, आणि सगळं ठीक असेल तरच त्याच्या खांद्यावर थाप मारून ओरडायचं, ओके. शेवटच्यापासून सुरू झालेली थाप दारातल्या माणसापर्यंत पोचायची. न बघता ओके म्हणणं हे त्यांच्यात सगळ्यात मोठं पाप. आमचे हे मिठाच्या पुडीवरून खोटं बोलतील, पण हा शब्द त्यांनी घरातही कधी उगाच वापरला नाही. मी साडी नेसून विचारायचे, "बरी दिसते काय?" ते आधी मागं जाऊन पदर बघत, मग म्हणत.

यांच्या मागं उभे असायचे ते साताऱ्याकडचे भाऊजी. यांची पाठ त्यांच्या जिम्म्याला. फौज सुटली, आम्ही आदिलाबादला परत येऊन किराण्याचं दुकान टाकलं, पण भाऊजींनी पाठ सोडली नाही. आधी कार्डं यायची, मग घरात फोन आला. रविवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी तो वाजायचा. भाऊजींचे कान लढाईतच गेलेले, त्यामुळे बोलणं कसलं, आरडाओरड. ह्यांना फोनवर ओरडायचा भारी कंटाळा. म्हणून फोन मीच घ्यायचे.

"वैनी, आमचा गडी ओके हाय का?"

मी वळून बघायचे. हे खाटेवर बसून दाढी करत असायचे. गालाला साबण तसाच ठेवून म्हणायचे, "सांग त्याले, ओके."

"ओके, भाऊजी."

"ठेवतो मग." एवढंच.

दरवर्षी मार्गशीर्षात हे सगळे बायकापोरांसकट एकमेकांच्या गावी जमत. पाळी लावलेली असे. अंगणात उभे राहून आधी ती रांग करायची, मागून पुढं थापा मारत यायचं, मग जेवायला बसायचं. जो गेला त्याच्या जागी त्याच्या घरचं कोणी उभं राहायचं. त्या वर्षी आमची पाळी होती.

हे पोळ्यानंतर गेले. बैल परत बांधले गेले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वामकुक्षीतच. दहावा होण्याच्या आत रविवार आला. घरात सुतकाची माणसं बसलेली, आणि फोन वाजला.

"वैनी, आमचा गडी ओके हाय का?"

मी सवयीनं वळून बघितलं. खाट उभी करून भिंतीला लावली होती. आणि माझ्या तोंडून निघालं, "ओके, भाऊजी."

ते ओरडून सांगावं लागलं असतं, हे एक कारण मी पुढं पुष्कळ दिवस स्वतःला देत होते. बहिऱ्या माणसाला मरण हळू सांगता येत नाही. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं होतं. जगात एक माणूस असा उरला होता ज्याच्या लेखी हे अजून दाढी करत बसलेले होते.

मग मी रंगात आले. लेक त्या वेळी दुकान झाडायला गेलेला असायचा, ऐकायला घरात कोणी नसायचं. कधी नव्हे ते भाऊजी चौकशा करू लागले होते, आणि माझी तर गोष्टी रचायची खोड जुनीच. एकदा सांगितलं, बासरला गेलेत, नातीच्या पाटीपूजनाला, गोदावरीत डुबकी मारतो म्हणाले. एकदा सांगितलं, तलमडुगुला गेले पुतण्याकडे, कापसाची वेचणी आहे, मजूर भेटून नाही राह्यले. पुढच्या रविवारी तेच सांगितलं. त्याच्या पुढच्या रविवारी फोन ठेवल्यावर मला राग आला. म्हटलं, किती दिवस राहायचं माणसानं पुतण्याकडे, घरदार आहे की नाही? आणि मग चुलीसमोर बसून रडले. अशी ती पासष्टीची शहाणी.

लेकानं विचारलं, "माय, साताऱ्याच्या काकाले कळवलं ना?"

"कळवलं," मी म्हटलं.

बाकीच्या दोघातिघांना त्यानंच कळवलं होतं. सगळे म्हणाले, पाळी मोडू नका, आमी येतो, त्याच्यासाठीच येतो. बहिऱ्या दोस्ताशी फोनवर कोण बोलणार? सगळ्यांनी धरलं की त्यांनाही माहीत आहे.

भाऊजींना आणायला मी स्टेशनवर एकटी गेले. लेकाला म्हटलं, मीच जाते. ठरवलं होतं की फलाटावरच सांगून टाकायचं. ते डब्यातून उतरले, खांद्याला पिशवी, हातात गुळाची ढेप फडक्यात बांधलेली, काठी बगलेत. केवढे वाळले होते. मला बघून पहिलं माझ्या मागं बघितलं.

"गडी न्हाय आला?"

"भाऊजी, ते..."

"काय?"

फलाटावर माणसंच माणसं. चहावाला बाजूला उभा. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "चला, घरी."

रिक्षात पुन्हा सुरुवात केली. "भाऊजी, एक सांगायचं होतं."

"आं?"

रिक्षावाल्यानं मान वळवली. "अम्मा, जोर से बोलो ना. बाबा को सुनाई नहीं आ रहा."

"तुम सामने देखो," मी त्याच्यावरच डाफरले. भाऊजी ढेप मांडीवर घेऊन कापसाच्या गाड्या बघत बसले होते. म्हणाले, "गूळ त्याच्यासाठी आणलाय. तुमच्याकडचा त्याला कधी आवडला न्हाय."

घरी सगळे जमले होते. भिंतीवरच्या फोटोचा हार मी सकाळी काढून ठेवला होता, तेवढं मला सुचलं होतं. अंगणात रांग लागून राहिली होती. पुढं नांदेडकडचे, ते वॉकर धरून. त्यांच्या मागची ह्यांची जागा मोकळी होती, तिथं मी उभं राहायचं असं सगळ्यांनी धरलेलं. भाऊजी आले, कोणाशी न बोलता आपल्या जागी जाऊन उभे राहिले. मागून थापा येऊ लागल्या. एका मेलेल्या दोस्ताच्या सुनेनं भाऊजींच्या पाठीवरून हात फिरवला, खांद्यावर मारलं आणि बारीक आवाजात म्हणाली, ओके.

भाऊजींनी हात उचलला. समोर कोणी नव्हतं.

"हा कुटं गेला? न्हाणीत हाय का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. लेक म्हणाला, "माय?" त्या एका शब्दावरून मला कळलं, त्याला सगळं समजलं होतं.

मग मी ओरडले. गल्लीतली पोरं थांबली, दुकानाशी उभं असलेलं गिऱ्हाईक वळलं, इतक्या जोरात. "भाऊजी, ते गेले. पोळा झाला आणि गेले."

हात तसाच हवेत होता. मग त्यांनी तो खाली घेतला, पण सावकाश, कशावर तरी टेकवल्यासारखा.

"मग रविवारी ओके कोण म्हनत हुतं?"

"मी."

त्यांनी मान हलवली. रांग मोडली नाही. मी मधे जाऊन उभी राहिले. त्यांनी माझी पाठ तपासली, खरोखर तपासली, आणि थाप मारली. ओके मात्र म्हणाले नाहीत. माझा हात पुढं उचललाच नाही. नांदेडकडच्यांनी माझ्या थापेची वाट बघितली, मग वॉकर घेऊन बाजूला झाले.

जेवताना मी दोनदा भाऊजींना वाढायला गेले, दोनदा त्यांनी पानावर हात आडवा धरला. बाकीचे ह्यांच्या गोष्टी सांगत होते, शिडीची गोष्टही निघाली, सगळे हसले, मीही हसले, आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं की मी भाऊजींचं काय हिरावलं होतं. जन्मभर ज्याची पाठ त्यांनी सांभाळली त्याला निरोप द्यायचा दिवस मी त्यांच्याकडून काढून घेतला होता. मला आपला एक माणूस जिता ठेवायचा होता, म्हणून.

दुपारी सगळे आडवे झाले. भाऊजी ओट्यावर बसून होते, गुळाची ढेप बाजूला, तशीच बांधलेली. मी जाऊन पायरीवर बसले. शिव्या खायची तयारी केली होती. माफी मागायला काय काय बोलायचं तेही जुळवून ठेवलं होतं, आणि ते सगळं ओरडून म्हणायचं होतं. पण मी तोंड उघडायच्या आधीच ते खाली वाकले, कानामागे हात धरला आणि माझ्याकडे बघत म्हणाले,

"वैनी, त्याला खांदा कुनी कुनी दिला? एकेकाचं नाव सांगा. फुडं कोन हुतं, मागं कोन हुतं. बिगीबिगी नगा सांगू, मला ऐकू येत न्हाय."