मे महिन्यात वर आलेलं पाणी

अंबाजोगाईच्या एका कॉलेजात मी भूगर्भशास्त्र शिकवतो. महागडं सॉफ्टवेअर आम्हाला परवडत नाही, म्हणून सगळं काम पायथन या संगणकभाषेत चालतं. ती फुकट आहे आणि तिच्यातला कोड कुणालाही उघडून वाचता येतो. मुलांनी आपापल्या गावच्या विहिरींत पाणी किती खोल आहे ते मोजून आणलं होतं. मी नकाशा काढला, तर केज तालुक्यातलं पाणी मार्चपेक्षा मे महिन्यात वर आलेलं! गल्लीत टँकर उभा आणि पडद्यावर सगळं निळंशार. माझं डोकंच फिरलं.

नकाशावर आधी आपलं घर शोधावं, तशी मी आमच्या शेतातली विहीर शोधली. ती नव्हतीच. मग कोड ओळीओळीनं वाचत बसलो. आपल्याकडं विहीर आटली की कुणी आकडा लिहीत नाही, सरळ ‘कोरडी’ लिहितात. प्रोग्रॅमला मात्र आकडाच हवा होता. शब्द दिसला की तो ती नोंद रिकामी धरायचा आणि सरासरीतून वगळायचा. मेपर्यंत त्याच्या हिशेबात फक्त भरपूर पाणी असलेल्या विहिरी उरल्या होत्या, म्हणून सरासरी वर आली होती.

संध्याकाळी गावी शेती बघणाऱ्या थोरल्या भावाला फोनवर हे तावातावानं सांगितलं.

तो म्हणाला, “एवढा तापलास कावून? ज्याची आटली, त्याला इथं तरी कोण मोजतंय?”

कोड निदान उघडून दुरुस्त तरी करता आला होता.