काकूंच्या वाटणीचं मसाला दूध

मंडळी, आमच्या विश्रामबागेत संध्याकाळ झाली की खाण्याच्या गाड्या लागतात. भेळ, डोसे, भजी, आणि आमच्या बिल्डिंगखाली मसाला दूध. कढईतलं दूध आटायला लागलं की वेलचीचा वास थेट वरच्या गॅलऱ्यांपर्यंत येतो.

शेजारच्या काकू जैन आहेत. दिवस मावळल्यावर त्या पाणीसुद्धा घेत नाहीत. आणि दुधाची कढई चढते तीच दिवस मावळताना. इतकी वर्षं दुधाच्या गाडीच्या बरोबर वर राहून त्यांनी ते दूध कधी चाखलंच नव्हतं.

दूधवाल्या दादांना मी हे सहज बोलून गेले होते. आज चांगलं ऊन असतानाच खालून त्यांची हाक आली, "आवं काकू, खाली या की. कढई लवकर चढवलीया."

आम्ही दोघी बाकावर जाऊन बसलो. दूध काही केल्या आटेना. ऊन भिंतीवरून सरकत वर पाण्याच्या टाकीवर गेलं. मी सारखी टाकीकडे बघत होते, काकू मात्र वाफेकडे. टाकीवर बोटभर ऊन उरलं तेव्हा ग्लास हातात आला.

काकू डोळे मिटून सावकाश प्यायल्या. मी विचारलं, "कसं आहे?"

"हेच की गं," त्या म्हणाल्या, "रोज गॅलरीत बसून पिते ते."

आत्ता अंधार पडलाय, वास वर आलाय, आणि काकू त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत येऊन बसल्यात.

तुमचं आहे का असं काही, न चाखताच पोटभर झालेलं?