चार फूट चार इंचांवरची रेघ

माझा दादा गवंडी आहे. चाळीस वर्षं त्याने लोकांच्या भिंती ओळंब्यात उभ्या केल्या, पण त्याच्या स्वतःच्या डोक्यात एखादी गोष्ट वाकडी बसली की ती सरळ करणं कुणाच्या बापाला जमत नाही. हे मी चिडून सांगतेय, आधीच कबूल करते. मी त्याची धाकटी बहीण. वॉर्ड ऑफिसच्या दारात टेबल टाकून लोकांचे अर्ज भरून देते. नदीकाठच्या आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांचे विम्याचे अर्ज माझ्याच अक्षरात आहेत.

विमा सरकारी मदतीचा. पूरपट्ट्यातल्या घराचा हप्ता आपल्यासारख्याला झेपत नाही, म्हणून अर्धा सरकार भरतं. शिवाय पाणी चार फुटांच्या वर चढलं असेल, तर दुरुस्तीबरोबर घराचं जोतं उंच करून घ्यायचा खर्चही मिळतो. मी हे सांगायला गेले तेव्हा दादा खेकसला, "मी बांधलेलं घर आहे ते. त्याला काय होतंय?" वहिनी हात पुसत आली आणि अर्जावर सही करून परत आत गेली. घर दोघांच्या नावावर होतं म्हणून बरं.

गेल्या महिन्यात नदी गल्लीत शिरली. दादा त्या दिवशी टेकडीवर कुणाच्या तरी कुंपणाची भिंत बांधत होता. तो खाली पोचेपर्यंत बोटवाल्यांनी वहिनीला शाळेत आणून बसवलं होतं. कुणीतरी दिलेले कोरडे कपडे, हातात चहाचा कप. "वेळेत निघालीस ना?" त्याने विचारलं. ती "हो" म्हणाली. झालं, एवढंच बोलणं.

पाणी उतरल्यावर ती एकदाच घरात आली. बाहेरच्या खोलीत चारही भिंतींवर गाळाची तपकिरी रेघ होती, सुतात आखल्यासारखी. वहिनी तिच्याकडे बघत उभी राहिली आणि तशीच मागे फिरली. दुसऱ्या दिवशी लेकीकडे निघून गेली, चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. जाताना आम्हा दोघांना म्हणाली, "ती रेघ भिंतीवर आहे तोवर मला यायला सांगू नका."

मी गल्लीत दारोदार फिरून घसा कोरडा केला होता, की पाहणी होईपर्यंत भिंतीला हात लावू नका, ती रेघच तुमचा पुरावा. दादालाही सांगितलं होतं, दोनदा. तरी आठ दिवसांनी जाते तर काय, खोली नव्या नवरीसारखी! ताजा गिलावा, वर पांढरा हात. दादा थापी धूत बसला होता.

"अरे, काय केलंस हे?" मी कपाळावर हात मारला.

"पुसली," तो म्हणाला. "आता येईल ती."

मला इतका राग आला होता की चार शब्द सुनवणार होते. पण त्याने तिची उशी उन्हात टाकली होती, दोनच कप धुऊन पालथे घातले होते, आणि माझी जीभ रेटेना. रोज संध्याकाळी तो तिला फोन करायचा. "भिंत वाळतेय," म्हणायचा. "छान झालीय. ये, बघ तरी." ती जावयाच्या तब्येतीचं काहीतरी सांगायची. फोन ठेवल्यावर तो तिच्या खुर्चीकडे बघत बसायचा. इतकी आठवण येत होती तर माणसाने सरळ तसं म्हणावं की नाही? पण नाही, आमचे साहेब भिंतीबद्दलच बोलणार.

पाहणीवाल्या बाई बाविसाव्या दिवशी आल्या. टेप काढली, खोलीभर नजर फिरवली आणि टेप परत मिटली. "काका, इथे पाणी आलं होतं?"

"आलं होतं हो."

"कुठवर? दिसत तर काहीच नाही. मी काय लिहू?"

बाईंचं काही चुकत नव्हतं. मी आपली शेजाऱ्यांच्या भिंती दाखवत होते, पण शेजारची घरं वेगळ्या उंचीवर. त्या म्हणाल्या, याच घरातली खूण हवी. मग दादा उठला आणि छिन्नी-हातोडी घेऊन आला. स्वतःच्या हाताने केलेला गुळगुळीत गिलावा त्याने फोडायला घेतला. पहिला घाव घालताना त्याचा चेहरा मला बघवला नाही. खपल्या पडत गेल्या आणि आतून ती निघाली. जशीच्या तशी, तपकिरी.

बाईंनी टेप लावली. "चार फूट चार इंच. काका, इथे उभे राहा, फोटोत अंदाज यायला हवा."

दादा भिंतीला पाठ लावून उभा राहिला. रेघ त्याच्या छातीला लागली. फोटो झाला, बाई कागदावर लिहू लागल्या, तरी तो तिथून हलेना. मग त्याने हळूच हात उचलला. वहिनी शेजारी उभी राहिली तर तिचं डोकं जिथे येईल, तिथे त्याने तळवा धरला. वहिनी जेमतेम पाच फूट. तळव्यापासून बोटांनी खाली मोजत आला. कपाळ, नाक, ओठ. हनुवटीशी रेघ आली आणि त्याचा हात थांबला.

इतके दिवस मीही ती रेघ पुरावा म्हणूनच बघत होते.

बाई गेल्या तसा त्याने फोन लावला. "अगं, पाणी तुझ्या हनुवटीपर्यंत होतं. वेळेत निघाले म्हणालीस."

फोन स्पीकरवर होता. "बोट येईपर्यंत खिडकीचा गज धरून उभी होते," वहिनी म्हणाली. "तुम्ही धापा टाकत आला होतात. काय सांगणार होते? आणि नंतर तुम्ही विचारलंच नाहीत. भिंतीचंच सांगत राहिलात."

"चुकलं माझं." चाळीस वर्षांत हे मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. "तू नको येऊस. मीच येतो तिकडे. तुझ्याशिवाय या घरात मला बसवत नाही गं."

मग तिने विचारलं, "जोतं उंच करायला देतायत का?"

"देतील. चार फुटांच्या वर आहे."

"किती उंच घ्याल?"

"तू सांग."

"फोनवर कसं सांगू? मी येते, भिंतीला टेकून उभी राहते. माझ्या डोक्याच्या वर खूण करा. जमीन तिथे घ्या."

आज गुरुवार. तिची गाडी सव्वाचारची. दादा अकरापासून पायरीवर रस्त्याकडे तोंड करून बसलाय, कानामागे पेन्सिल खोचून.