बारा नळे आणि चाचांची कणीक

साहेबासमोर मी एवढंच म्हणालो होतो, "आमच्याकडे लग्नात शोभेच्या दारूचे नळे आम्हीच भरतो, सर." त्यातले 'आम्ही' म्हणजे माझे मामा. मी फक्त त्यांना चिखल मळून द्यायचो, तोही मार खाऊन.

दुबईच्या खाडीवर तेव्हा पूल झाला नव्हता. आमचं ऑफिस खाडीला लागूनच, मी तिथे कारकून. साहेबाच्या गावी, इंग्लंडात, पाच नोव्हेंबरला माणसं रस्त्यात रांगेनं उभी राहतात आणि काठीच्या टोकाला बांधलेले पेटते नळे डोक्यावर धरून ठिणग्यांचा पाऊस पाडतात. कुणीतरी पार्लमेंटखाली दारू ठेवून राजाला उडवायला निघालं होतं, ते पकडलं गेलं, त्याचा हा आनंद. नळे भरायची जुनी रीत साहेबाच्या वडिलांनी वहीत लिहून ठेवली होती. त्या वर्षी ते वारले, आणि गावात आता सगळे विकतचेच नळे आणतात असं भावाचं पत्र आलं. साहेबाला वहीतले नळे एकदा तरी पेटवायचे होते. वही त्यानं माझ्या हातात ठेवली.

दारू मिळाली, पुठ्ठा मिळाला. नळ्याचं बूड बंद करायला माती मिळेना. आमच्या रत्नागिरीत पाय टाकाल तिथे चिखल. इथे नुसती वाळू, मूठ उघडली की खलास. शेवटी खोलीत आमचा स्वयंपाक करणाऱ्या श्रीवर्धनच्या चाचांकडे गेलो.

"चाचा, थोडी कणीक द्या."

"चपाती करतोस की तोफ?"

कणकेनं बाराही बुडं ठासली आणि वर चांदीचा कागद चिकटवला. माझं मलाच कौतुक वाटलं.

पाच तारखेला सकाळी एक नळा उचलला, तर बूड टपकन खाली पडलं. कणीक वाळून, आक्रसून सुटली होती. म्हणजे वर जायची आग खालूनही निघणार, आणि खाली साहेबाचं तोंड! बाकीचे अकरा हलवून बघायची माझी हिंमत झाली नाही.

"जाऊन सांग त्याला," चाचा म्हणाले.

"सांगतो. चहा झाला की सांगतो."

चहा झाला, जेवणही झालं. साहेब तीनदा टेबलाशी आला, तीनदा माझी पाठ थोपटून गेला. तिन्ही वेळा मी फायलीत डोकं खुपसलं.

मगरिबच्या नमाजानंतर, अंधार पडल्यावर किनाऱ्यावर पाच-सहा इंग्रज जमले. साहेबानं काठीला नळा बांधला आणि काठी माझ्यापुढे धरली.

"आमच्या गावी पहिला नळा भरणाऱ्यानंच धरायचा. यल्ला, चल!"

साहेबाचं तोंड भाजणार होतं तोवर दिवसभर मी गप्प होतो. आपलं भाजणार म्हटल्यावर जीभ आपोआप सुटली.

"सर, चपाती! आत चपाती आहे, सर!"

मग सगळं सांगितलं. एक मडम खो खो हसली. साहेब हसला नाही. त्यानं नळ्याचं बूड बोटानं चाचपून पाहिलं.

"वाळूत पुरून पेटवले तर?" मी म्हटलं. "आमच्याकडे ते जमिनीवरच..."

त्यानं मान डोलावली. मी नळे रांगेनं अर्धेअर्धे वाळूत पुरले. ठिणग्या पुरुषभर उंच गेल्या, टाळ्या पडल्या. मीही टाळीला हात उचलले आणि खाली घेतले. रांगेच्या मागे साहेब रिकामी काठी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभा होता. शेवटचा नळा विझेपर्यंत त्यानं ती उतरवली नाही.