दसऱ्यात वितळलेला बर्फ

परळच्या आमच्या प्रयोगशाळेत दसऱ्याला यंत्रांची पूजा होते, आणि मला तिचा कधीच राग आला नव्हता. आमचे तंत्रज्ञ, ज्यांना मी काका म्हणते, लालबागचे. वडील गिरणीत होते. "मशीन वर्षभर राबते मॅडम, एक दिवस तिचा," असं म्हणून ते दादरहून झेंडू आणतात आणि लेसरच्या यंत्रालाही हळदकुंकू लावतात. मी फक्त ओरडते, "आत पाकळी जाऊ देऊ नका!"

या वर्षी त्यांनी फ्रीझरही सोडला नाही. पुढे ओढला, मागची वर्षभराची धूळ पुसली, दाराला तोरण लावलं आणि परत ढकलला. ढकलताना प्लग निसटला. पुढे जोडून सुट्ट्या. मी प्रभादेवीला घरी मजेत लोळत होते.

आत हिमालयातल्या एका हिमनदीतून काढलेला बर्फाचा दांडा होता. पाण्यात थोडे रेणू जड असतात, ऋतूप्रमाणे त्यांचं प्रमाण बदलतं. दांड्याचा एकेक थर वितळवून लेसरने ते मोजलं की कुठला हिवाळा कसा गेला ते कळतं. सोमवारी कापायला घेणार होते. फ्रीझर उघडला तर पिशवीत नुसतं पाणी. सगळे हिवाळे दहीभातासारखे एकमेकांत कालवलेले.

काका भिंतीला टेकून उभे होते. "परत गोठवलं तर, मॅडम?"

"थर परत कुठून येणार, काका?"

"मग तिथून दुसरा आणू ना."

तिथली हिमनदी आटली, आता नुसती खडी आहे. गेल्या उन्हाळ्यात सहकाऱ्याने फोटो पाठवला होता. मला काकांवर चिडायचं होतं, जीभ शिवशिवत होती, पण त्यांचा चेहरा बघून अवसानच गळालं. खुर्चीत बसून मी हमसून हमसून रडले.

मग दुसरं काही सुचेना म्हणून तेच पाणी यंत्रात घातलं. पिशवीतलं वरचं, मधलं, तळाचं. थर शाबूत असते तर पडद्यावरची रेघ करवतीच्या दातांसारखी खालीवर झाली असती. ती सरळ आली.

काका रोज यंत्र तपासायला एकच पाणी पुन्हापुन्हा घालतात. रेघ सरळ आली की यंत्र ठणठणीत, हे मीच त्यांना शिकवलंय. ते हळूच माझ्या मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ पडद्याकडे बघत होते. चेहऱ्यावर जरा जीव आला.

"एकदम सरळ आली, मॅडम," ते म्हणाले. "म्हणजे काहीतरी वाचलं ना?"

मी "हो" म्हटलं.