चव्वेचाळीस दातांचा कंगवा

पटाशीला धार लागली की नाही, हे मिस्त्रीण अंगठ्याच्या नखावर बघायची. घसरली तर पुन्हा दगडावर, अडकली तर कामाला. त्यामुळे तिच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर कायम बारीक रेघोट्या असत, आणि नवरा म्हणायचा, "बायका नखं रंगवतात, आमच्याकडे नांगरतात!"

'मिस्त्रीण' हे नाव पडलं कारखान्यात. लोखंड ओतण्याआधी त्याचा लाकडी नमुना करावा लागतो. ते करणाऱ्या खात्यात ती एकटीच बाई. पहिल्याच दिवशी एकाने फर्मावलं, "वहिनी, चहा आणता का जरा?"

"आणते की, भाऊजी. तोवर एवढी कड गुण्यात, अगदी काटकोनात, आणून ठेवा. जमली तर."

चहा त्यानेच आणला. पुढे एकतीस वर्षं तोच आणत राहिला.

नवरा घड्याळजी. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं टेबल, मागच्या खोलीत तिचं कामाचं बाक, आणि मधल्या स्वयंपाकघरातून दोघांचे टोमणे ये-जा करायचे.

"तुम्हा सुतारांचं बरं असतं. सूतभर चुकलं की रंधा मारला आणि मोकळे."

"आणि तुमचं? एक शिंक आली की अर्धं घड्याळ जमिनीवर!"

मग घड्याळजीच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. दुखत नाही, खुपत नाही, बाजूची नजर हळूहळू मिटत येते. त्याने ते लपवलं. चौकटीला खांदा आपटला की चौकटीलाच शिव्या द्यायचा. हाताशेजारी पडलेला स्क्रू त्याला दिसेना, आणि तिला मात्र सगळं दिसत होतं. पण ज्या माणसाची सगळी ऐट त्या नजरेवर, त्याला कसं विचारायचं? ती विचारायची नाही. सकाळी झाडू मारण्याआधी टॉर्च घेऊन टेबलाखाली बसायची, तिळाएवढे स्क्रू ओल्या बोटाने टिपायची आणि त्याच्या डबीत परत टाकायची. घड्याळाच्या सामानाला चुंबक लावत नाहीत, एवढं त्याच्याकडूनच शिकलेली. वर्षभर हे चाललं. शेवटी तो भर रस्त्यात हातगाडीवर आदळला आणि डॉक्टरांसमोर गेला.

"वर्षभर आधी आला असतात," डॉक्टर म्हणाले, "तर होती तेवढी नजर राखता आली असती."

डबीचं तिने त्याला सांगितलं नाही. तेव्हाही नाही आणि पुढची कित्येक वर्षंही नाही.

नजर पुरती गेल्यावर सहा महिने तो भिंतीकडे तोंड करून बसून राहिला. मग अंधांच्या एका वर्गात कुणीतरी त्याच्या हातात कच्ची लोकर दिली. तो घरी आला तो खिशात लोकरीचा बोळा घेऊन. "अगं, हिला वास आहे," म्हणाला. एवढंच. पण त्या दिवशी तो जेवला नीट.

दुसऱ्या दिवशीच मिस्त्रीण बाकाशी उभी राहिली. आधी टकळी केली, हातातून सुटली तरी गडगडू नये म्हणून चौकोनी चकतीची. मग लोकर पिंजायच्या दातेरी फळ्या. मग सूत गुंडाळायचा फाळका. त्याला तिने लाकडी जीभ बसवली. एक फेरा झाला की टक् वाजायचं, म्हणजे न बघता मोजता यावं. तो चार दिवस नुसताच फाळका फिरवत बसला. "मिस्त्रीणबाई, हे तर घड्याळच केलंत की!"

सगळ्यांत अवघड तो लोकर विंचरायचा कंगवा. लाकडाच्या मुठीत पोलादाचे चव्वेचाळीस दात, दोन ओळींत. एकही दात वाकडा चालायचा नाही, कारण टोकं कुठे आहेत हे त्याच्या बोटांना पाठ असायला हवं. एक दात रांग सोडून निघाला की बोटात घुसलाच. तिने केलेला कंगवा दहा वर्षं चालला आणि त्याला एकदाही लागलं नाही.

यंदा कंगव्याचे तीन दात तुटले.

"नवीन करशील ना?"

"करते. लाकूड मुरू दे."

लाकूड कधीच मुरलं होतं. स्थिर राहत नव्हता तो तिचा उजवा हात. गिरमिट धरलं की मनगटापासून थरथर सुटायची, आणि भोक आखलेल्या रेघेवरून दारुड्यासारखं भरकटायचं. चार मुठी वाया गेल्या. चारही तिने करवतीने बारीक तुकडे करून भुशाच्या पोत्यात पुरल्या. शेवटी दोन गल्ल्या सोडून वेल्डिंगवाल्याकडे गेली.

"मिस्त्रीणबाई? तुम्ही, माझ्याकडे?"

"गिरमिट मोडलंय माझं. पाड भोकं. बोलू नकोस जास्त."

कानाशी फोन धरून त्याने मशीनवर वीस मिनिटांत भोकं पाडली. दात तिनेच ठोकून बसवले, डाव्या हाताने.

घड्याळजीने कंगवा मांडीवर घेतला. दातांच्या मुळाशी एकेक बोट फिरवलं. पहिली ओळ, मग दुसरी.

"कुणी केला?"

"कोण करणार? मीच."

"तू प्रत्येक भोकाची कड हाताने मोडतेस. लोकरीचे केस अडकू नयेत म्हणून. बशीसारखी लागते बोटाला." त्याने कंगवा तिच्याकडे धरला. "चव्वेचाळीस दातांत एकही तुझा नाही."

"दात तो दात! सरळ आहेत ना? मग झालं तर."

"आणि चहा आणतेस तेव्हा कप वाजतो बशीत. आठ महिने झाले."

ती खुर्चीत टेकली. "मग आठ महिने तोंड शिवलं होतं का तुमचं?"

"वाटलं, आज सांगेल, उद्या सांगेल. मी तरी कुठे सांगितलं होतं तुला डोळ्यांचं? वर्षभर लपवलं, तुला पत्ता लागू दिला नाही, आणि काय पदरात पडलं ते बघतेसच. तुझ्या हाताचं तसं होऊ देणार नाही मी. उद्या डॉक्टरकडे जायचं. चूक माझी होती, मला माहीत आहे ना ती."

नुसतं 'बरं' म्हणाली असती तरी वेळ निभावली असती. अकरा वर्षं निभावलीच होती. पण तो स्वतःला दोष देत होता, किती सवयीने, आणि तिला ते ऐकवेना.

"पत्ता होता मला."

"कसला?"

"तुमच्या डोळ्यांचा. पहिल्यापासून. खाली पडलेले स्क्रू मीच वेचायचे सकाळी. डबीत टाकायचे."

त्याचा हात कंगव्यावर थांबला.

"किती?"

"आधी रोज पाच-सहा. शेवटी शेवटी वीस."

तो बोलला अगदी हळू, जणू एखादं बंद घड्याळ उघडून आत काय अडकलंय ते पाहतो आहे.

"मला शंका यायची गं. दिवसभर वाटायचं, काहीतरी सांडतंय हातून. म्हणून सकाळी डबी मोजायचो. सगळे जागेवर. म्हणायचो, उगाच घाबरतोस गड्या, नजर शाबूत आहे तुझी. म्हणून तर गेलो नाही डॉक्टरकडे."

तिला हे ठाऊक नव्हतं. तो डबी मोजतो, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात निघताना तिने नेहमीसारखं कोपर पुढे केलं. त्याने कोपऱ्यातली काठी मागितली.

"कधीपासून थरथरतोय हात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आठ म–" तो म्हणू लागला.

"दीड वर्ष," मिस्त्रीण म्हणाली.

त्याने मान तिच्याकडे वळवली, मग परत सरळ केली. डॉक्टरीणबाई लिहीत राहिल्या. गोळ्यांनी थरथर कमी होईल, म्हणाल्या. थांबणार नाही. धारेची हत्यारं आता नकोत. मग मिस्त्रिणीचा चेहरा बघून म्हणाल्या, "वेळ घालवला म्हणून मनाला लावून घेऊ नका, काकू. दीड वर्ष आधी आला असतात, तरी एवढंच सांगितलं असतं. तुमच्या गप्प बसण्याने काही बिघडलेलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी फाडून पुढे केली. ती धरायला मिस्त्रिणीला दोन्ही हात लागले.

बाहेर पायऱ्यांशी तो थांबला.

"किती आहेत?"

"सात."

त्याने मान हलवली. काठी पुढे टाकली, पहिली पायरी चाचपली, उतरला. मग दुसरी. ती वरच उभी राहिली. खालून तोंडातल्या तोंडात आकडे ऐकू येत होते, एकेक, सावकाश.

"सात," तो म्हणाला. "बरोबर आहे."