शेळीच्या अंगी लागलं

माण तालुक्यातल्या त्या वस्तीवर सुलाबाईंच्या तोंडाला कुणी लागत नसे. सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. उपासमार काय असते ते मला शिकवू नका, म्हणायच्या.

सून कोमल गरोदर राहिली तेव्हा मुलगा मुंबईला कामावर होता. कोमलसाठी अंगणवाडीतून पौष्टिक पिठाची पाकिटं यायची. सुलाबाईंनी एकदा वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "आमी काय ह्ये खाऊन बाळंत झालो व्हय?" शेळीही तेव्हा गाभण होती. सगळी पाकिटं तिच्या आंबोणात, भिजवलेल्या खुराकात गेली.

शेळीला दोन गुबगुबीत करडं झाली. नातीचं वजन मात्र भरेना.

आज अंगणवाडीच्या मंगलताई घरी आल्या. पोरीला काट्यावर ठेवलं आणि त्या कोमलवरच घसरल्या. "दिलेली पाकिटं खाल्लीस का न्हाई गं?"

"खाल्ली की ताई. माझ्याच अंगी लागली न्हाईत."

सुलाबाई चुलीपाशी बसून ऐकत होत्या. सुनेनं आपल्या चुकीवर पांघरूण घातलं होतं, आणि आपण तिला ते घालू देत होतो.

ताईंनी पिशवीतून नवं पाकीट काढलं. कागद चुरचुरला, तशी दारातली शेळी दाव्याला हिसके देत ओरडायला लागली. ताई तिच्याकडं बघतच राहिल्या. कोमलनं घाईघाईनं पाकीट ओढणीखाली घेतलं.

"झाकू नगंस, पोरी," सुलाबाई कशाबशा म्हणाल्या. "ती माझ्याकडंच मागतिया."